आण्णांच्या हातचा शेक

सकाळी माझे डोळे आपोआप उघडायचे नाहीत. मला वाटायचं, सगळ्यांच्याच पापण्या झोपेत चिकटतात आणि सगळ्यांच्याच आया कोमट पाण्याचं बोट फिरवून त्या सोडवतात. चौथीत असताना मी मैत्रिणीला विचारलं, "तुझी आई तुझं डोळं कशानं सोडवती गं?" ती माझ्या तोंडाकडं बघतच राहिली. तेव्हा कळलं, हे फक्त आपल्याच घरी चालतं.

डोळ्याचं दुखणं म्हटलं की माणसं बुबुळाकडं बघतात, नाहीतर चष्म्याचा विचार करतात. पापणीकडं कुणी बघत नाही. माझं सगळं दुखणं पापणीच्या काठावर सुरू झालं, आणि ते डोळ्यापर्यंत पोचेपर्यंत आम्ही भलतीकडंच बघत बसलो. कुणाच्या घरात असं डोळे चोळणारं लेकरू असेल तर त्यांचा वेळ वाया जाऊ नये, म्हणून हे लिहायला घेतलं.

कंपनीचा वास

आण्णा, म्हणजे माझे वडील, कुरकुंभच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागले आणि आम्ही गाव सोडून तिथल्या पत्र्याच्या चाळीत राहायला आलो. पहिल्या वर्षापासूनच मला रांजणवाड्या यायला लागल्या. एक बसली की दुसरी. कधी वरच्या पापणीला, कधी खालच्या. पिकायच्या, फुटायच्या, काही नुसत्याच ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी होऊन राहायच्या. पापण्यांच्या केसांत कोंड्यासारखी खपली धरायची. डोळे कायम लाल. उन्हात गेलं की मिरची गेल्यासारखं व्हायचं, म्हणून मी मान खाली घालून, एक हात कपाळावर धरून चालायचे.

आई तळहातावर बोट घासून गरम करायची आणि गाठीवर टेकवायची. कुणी लवंग उगाळून लावायला सांगितलं, तेही झालं. काजळानं डोळा थंड राहतो म्हणून काजळ भरून झालं. सरकारी दवाखान्यातून मलम आणलं. थोडं बरं वाटायचं, की पुन्हा तेच.

एकदा आत्या, म्हणजे आण्णांची थोरली बहीण, राहायला आली होती. आण्णा फर्स्ट शिफ्ट करून आले, नेहमीसारखे मला उचलायला वाकले, आणि आत्या म्हणाली, "बबन, कापडं बदल आधी. केवढा वास मारतोय. ह्यो असला वास रोज घरात आणतोस आन् पोरीचं डोळं का बिघडलं म्हणून इचारतोस व्हय?"

आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला जे दिसलं ते ती बोलली. पण आण्णा वाकलेले होते तसेच सरळ झाले.

त्या दिवसापासून त्यांनी मला हात लावला नाही. आल्या आल्या चाळीच्या मागच्या नळावर आंघोळ करायचे, तीही कपडे धुवायच्या सोड्यानं. कंपनीचे कपडे आत यायचे नाहीत, मागच्या तारेवरच वाळायचे. जेवायला बसले तर दारापाशी, माझ्यापासून लांब. मी जवळ सरकले तर म्हणायचे, "आईपाशी बस, बाळा." हाताची सालं निघायला लागली होती. सोड्यानं निघाली की कंपनीतल्या कामानं, कुणाला ठाऊक.

मला वाटलं, माझे डोळे चिकट असतात म्हणून आण्णांना माझी किळस येते. हे मी कुणालाच बोलले नाही.

मांडवगणला

पाचवीचं वर्ष सुरू झालं आणि आण्णांनी ठरवलं की मला मांडवगण फराट्याला मामाकडं ठेवायचं. तिथं हवा चांगली, मोकळं रान, नदीकाठ. आई नको नको म्हणत होती. आण्णा म्हणाले, "हितं ऱ्हाऊन तिचं डोळं जातील. मला नोकरी सोडता येत न्हाई, मग तिला तरी लांब ठेवू."

सोपानमामा आणि मामींनी मला काहीच कमी पडू दिलं नाही. मामींना स्वतःचं मूल नव्हतं अजून. माझी वेणी घालायला त्यांना दिवस पुरायचा नाही. पण चांगल्या हवेतही माझे डोळे तसेच. उलट उसाच्या पाचटात खेळून आले की जास्तच लाल. मामांनी मेडिकलच्या दुकानातून डोळ्यात घालायचा एक ड्रॉप आणला. जादूच झाली. दोन दिवसांत लाली गेली, डोळे पांढरेशुभ्र. मामींनी गूळखोबरं वाटलं. ड्रॉप संपला तसे डोळे पुन्हा पेटले, मग मामांनी दुसरी बाटली आणली. मग तिसरी. आता ड्रॉप घातल्याशिवाय मला डोळा उघडताच येईना. डॉक्टरला न विचारता आणलेला थेंब आतून काय करतो हे त्या बिचाऱ्यांना कुठं माहीत! पोरीला बरं वाटतंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

एका सकाळी मामी माझी वेणी घालताना समोर आल्या, हनुवटी धरून तोंड वर केलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

"आवं," त्यांनी मामांना हाक मारली. "हिकडं या जरा. पोरीच्या डोळ्यात फूल पडल्यासारखं दिसतंय."

उजव्या बुबुळाच्या खालच्या काठाला एक पांढरट ठिपका होता. मामांनी बघितलं आणि लूना बाहेर काढली. मी मागं बसून तोंड त्यांच्या पाठीत खुपसलं, मामींनी माझ्या डोक्यावरून टॉवेल पांघरला, आणि आम्ही दौंडला निघालो. रस्ताभर मामा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काय व्हत न्हाई, आर्चे. काय व्हत न्हाई." ते मला सांगत होते की स्वतःला, समजत नव्हतं.

निदानाचा दिवस

दौंडला डोळ्यांच्या एक डॉक्टरबाई होत्या. लहानसा दवाखाना, वर चार कॉटा. मामांनी बूथवरून कंपनीत फोन लावून निरोप ठेवला होता, त्यामुळं दुपारपर्यंत आई आणि आण्णाही पोचले.

डॉक्टरबाईंनी माझी हनुवटी एका यंत्रावर टेकवली. उजेड सहन होईना, मी मागं ओढायला लागले. त्यांनी घाई केली नाही. डोळे बधिर करणारा थेंब घातला, थांबल्या, मग बघितलं. मग एक गोष्ट केली जी तोवर कुणीच केली नव्हती. त्यांनी माझी पापणी बोटानं हलकेच दाबली आणि तिचा काठ बघितला. बराच वेळ बघितला.

"ताई, इकडं या," त्यांनी आईला बोलावलं आणि यंत्रातून बघायला सांगितलं. वरून पापण्या पुसणं वेगळं, डोळ्याच्या आतलं आईला काही बघवत नसे. ती दारातच खुर्ची धरून उभी राहिली. मग मामांनी बघितलं.

"काय दिसतं?"

"काठाला बारीक बारीक पांढरं हाय. रांगेनं."

"प्रत्येकाच्या पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वर आणि खाली, रांगेनं. आपण डोळा मिटतो-उघडतो तेव्हा त्यातून थोडं थोडं तेल येतं आणि डोळ्यातल्या पाण्यावर पसरतं, दुधावर साय धरते ना, तसं. म्हणून डोळा वाळत नाही. हिचं तेल पातळ नाही. थिजलेल्या तुपासारखं आत अडकलंय. म्हणून गाठी होतात, म्हणून काठाला जंतू वाढतात, आणि ती सूज आता बुबुळापर्यंत आली आहे."

"एवढ्या लहानपणी?" आईनं विचारलं.

"लहानपणीच. मुलांच्या ह्या ग्रंथी वाढीला लागलेल्या असतात. काहींच्या नीट वाढत नाहीत, काहींच्या लवकर बुजतात. हिच्यात असं का झालं, ते मला नक्की सांगता येणार नाही. पण ओळखता येतं आणि आटोक्यात ठेवता येतं."

मग मामांनी खिशातून ड्रॉपची बाटली काढून दाखवली. डॉक्टरबाईंनी ती वाचली. मामांच्या तोंडाकडं बघून त्या रागावल्या नाहीत. "ह्यानं लाली जाते, म्हणून बरं वाटतं. पण असा मनानं घालत राहिलं तर आत जखम चिघळते. हा थेंब वाईट नाही. तो कधी द्यायचा, किती द्यायचा आणि कसा कमी करत न्यायचा, हे तपासून ठरवावं लागतं. हे आता माझ्यावर सोडा."

"नजर जाईल का?" हे आण्णांनी विचारलं. ते खोलीच्या बाहेर, चपलांपाशी उभे होते. तिथूनच.

"आज सांगत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ठिपका मधोमध सरकला नाही तर वाचेल. दाखल करून घेते."

मी बधिर डोळ्यांनी ते ऐकत होते. डोळे बधिर होते, कान नव्हते.

हिरवं फडकं आणि तांबोळी चाचा

दवाखान्यात दिवस थेंबांवर चालायचा. नर्सताई यायची, पापणी ओढायची, थेंब टाकायची, जायची. आपला डोळा लागतोय तोवर पुन्हा यायची. तोंडातून घ्यायचं औषध वेगळं, त्यानं तोंड कडू व्हायचं. उजेड टोचायचा म्हणून कपाळावर एक हिरवं फडकं बांधलेलं, ते दोन्ही डोळ्यांवर लोंबायचं. मी तशीही डोळे घट्ट मिटूनच पडलेली असायचे. अंधाराची मला भीती वाटायची. आपले डोळे आता असेच राहिले तर, हा विचार जेवतानाही यायचा.

शेजारच्या कॉटवर एक म्हातारे तांबोळी चाचा होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर पट्टी. मी मुसमुसतेय हे त्यांनी ऐकलं असणार.

"बेटा, ऐक," ते म्हणाले. "माझा एक डोळा झाकलाय, एक मोकळा हाय. तो सध्या तुझा. काय बघायचं सांग, मी बघतो."

मला काय सांगावं सुचेना. म्हटलं, "खिडकीत काय हाय?"

"खिडकीत वायर हाय. वायरीवर दोन साळुंक्या. एक मोठी भांडखोर दिसती, दुसरीला बसू देईना. गेली बघ दुसरी. आता ही एकटीच बसली, आन् आता हिला करमंना."

मी हसले. मग आमचं तेच सुरू झालं. नर्सताईच्या साडीचा रंग, डब्यात आज कोणती भाजी, समोरच्या कॉटवरच्या आजींनी गोळी तोंडात घेतली की उशाखाली सरकवली. चाचा सगळं बघून सांगायचे.

एकदा दुपारी त्यांनी आवाज हळू केला. "बेटा, दारात एक माणूस उभा हाय. काल पण आलता. आत येत न्हाई. तुझ्याकडंच बघतो, आन् जातो."

"कसा हाय?"

"उंच. हिरवट शर्ट. केस वले, आत्ता आंगुळ करून आल्यासारखे. हातात डबा. रडतोय वाटतं. न्हाई, घाम पुसतोय. न्हाई... रडतोयच."

मी हिरव्या फडक्याखाली डोळे मिटून पडले होते. "ते माझे आण्णा हायेत," मी म्हटलं.

चाचांनी तिथूनच हाक मारली. "आवं पाव्हणं, पोरगी वळखती तुम्हाला. आत या की!"

पावलं आत आली नाहीत. डबा खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि पावलं जिन्यावरून उतरली.

संध्याकाळी आई आली तेव्हा मी तिला विचारलं, "आई, आण्णांना माझी किळस येती का गं?"

आई माझं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "आगं येडे, त्यांना वाटतंय त्यांच्यामुळंच झालंय हे. कंपनीचं काहीतरी अंगावर येतं आन् तुला लागतं, म्हणून तुझ्याजवळ येत न्हाईत. जेवण जाईना त्यांना."

एवढे दिवस मी एक समजत होते आणि ते दुसरंच. एका घरात राहून.

प्रश्न

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा आण्णा दारात उभे आहेत असं चाचांनी सांगितलं होतं, म्हणून मीच म्हटलं, "डॉक्टरबाई, माझ्या आण्णांना आत बोलवा. त्यांना तुम्हाला काहीतरी विचारायचंय."

आण्णांना आत यावंच लागलं. कॉटपासून दोन हात लांब उभे राहिले असावेत, आवाजावरून मला तसं वाटलं.

"विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आण्णा म्हणाले, "बाई, मी केमिकलमधी काम करतो. अंगाला वास असतो. ते... ते तिच्या डोळ्याला लागलं का? माझ्यामुळं झालं का हे?"

डॉक्टरबाईंनी लगेच 'नाही' म्हणून त्यांना वाटेला लावलं नाही. त्या कॉटवर बसल्या आणि माझ्या उशापाशी बसलेल्या आईला विचारायला लागल्या. पहिली गाठ कधी आली? कुरकुंभला आल्यावर का आधी? आई म्हणाली, तिथंच आल्यावर. मग थांबली. मग म्हणाली, "थांबा. सोपानच्या लग्नात हिच्या डोळ्याला रांजणवाडी होती. डोळा पार सुजलेला. हळदीला हिला बसू दिलं न्हाई म्हणून केवढी रडली. तवा आम्ही गावीच होतो. ह्यांना नोकरी लागायची होती अजून."

"आणि मांडवगणला राहून कमी झालं?"

"न्हाई. वाढलंच."

"मग बघा," डॉक्टरबाई आण्णांना म्हणाल्या. "धुरानं, वाफेनं डोळे चुरचुरतात, हे खरं. कामावरून येऊन आंघोळ करता, चांगलं करता, ते सोडू नका. पण हिचं दुखणं तिच्या पापणीतलं आहे. ते तुम्ही आणलेलं नाही."

आईनं नाक ओढलं. तांबोळी चाचा पलीकडून म्हणाले, "या अल्ला, माणसानं केवढं वझं घेतलं होतं डोक्यावर."

डॉक्टरबाई उठल्या नव्हत्या. "आता दुसरं. जखम भरतेय, पण घरी गेल्यावर खरं काम आहे. पापणीला सकाळ-संध्याकाळ कोमट शेक द्यायचा, म्हणजे आतलं तूप वितळेल. मग बोटानं हलकेच निपटायचं, वरची पापणी वरून खाली, खालची खालून वर. मग काठ साफ करायचा. रोज. वर्षानुवर्षं. कोण करणार?"

आई म्हणाली, "बाई, पापणी वरवर पुसती मी, पण दाबून निपटायचं धाडस व्हत न्हाई हो. घेरी येती."

"तुम्ही करा," डॉक्टरबाई आण्णांना म्हणाल्या.

"मी?" आण्णांनी हात पुढं केले असणार, कारण ते म्हणाले, "ह्या हातानं?"

"सोड्यानं घासणं आजपासून बंद. साध्या साबणानं धुवा, खोबरेल लावा, भरून येतील. चला, आत्ताच शिकवते."

भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला. फडकं पिळल्याचा आवाज. आणि मग माझ्या मिटल्या डोळ्यांवर काहीतरी ऊबदार टेकलं. त्याच्या कडेनं मला आण्णांची बोटं लागत होती. खरखरीत.

"लय गरम न्हाई ना, बाळा?"

"न्हाई," मी म्हटलं. आणि मी त्यांचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. डॉक्टरबाईंना कसं निपटायचं ते शिकवायला थोडं थांबावं लागलं.

साय

ठिपका मधोमध सरकला नाही. खालच्या काठालाच थांबला आणि तिथं एक पुसट फूल ठेवून गेला, ते अजून आहे. आरशाजवळ जाऊन बघितलं तर दिसतं. डोळ्याला नंबर आला, चष्मा लागला. एवढ्यावर निभावलं.

मी कुरकुंभला परत आले. आण्णांनी शेकासाठी एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं बाजूला काढलं, त्यात दुसरं काही तापवायचं नाही म्हणून आईला बजावलं. आईच्या जुन्या सुती पातळाचे चौकोन फाडून, उकळून, वाळवून डब्यात घालून ठेवले. शिफ्ट कोणतीही असो, शेक चुकला नाही. फर्स्ट शिफ्ट असली की मला अंधारातच उठवायचे आणि मी पेंगत पेंगत त्यांच्या गुडघ्याला टेकून बसायचे.

आण्णा बोलणारे नव्हते. पण शेक देताना गप्प बसवत नाही, आणि मला डोळे मिटून करमत नाही. मी दवाखान्यातल्यासारखंच विचारायचे, "आज काय बघितलं?" सुरुवातीला म्हणायचे, "काय न्हाई, कामच." मग हळूहळू सांगायला लागले. त्यांच्या प्लांटवर बिहारचा एक पोरगा आला होता, त्याला मराठी शिकायची होती आणि सगळे त्याला मुद्दाम चुकीचं शिकवायचे. तो सुपरवायझरला "साहेब, तुमची म्हैस बरी आहे का" असं विचारून आला. कँटीनमधला आचारी पोह्यात शेंगदाणे मोजून टाकतो असा सगळ्यांचा संशय होता. हायवेवर उसाची ट्रॉली उलटली तर अख्खी शिफ्ट ऊस खात आली. सांगताना ते स्वतःच हसायचे आणि बोटं हलायची, मग म्हणायचे, "थांब, हलू नको. मीच हललो."

सगळं सरळ झालं असं नाही. सहावीत पुन्हा एक मोठी गाठ झाली, ती चिरावी लागली. पापणीत सुई टोचली तेव्हा मी दवाखाना डोक्यावर घेतला. शाळेत पोरं 'चिपडी' म्हणायची. बाईंनी मला खिडकीच्या उजेडापासून हलवून मधल्या रांगेत बसवलं आणि वर्गाला एकदाच दटावलं, त्यानं बरंच कमी झालं. आई कधी कधी चिडायची. सगळं घर माझ्या डोळ्यांभोवती फिरतं, तिला बरं नसलं तरी कुणी विचारत नाही, असं एकदा बोलली. खरंच होतं. त्या संध्याकाळी शेक झाल्यावर आण्णांनी तिच्या दुखऱ्या खांद्यालाही तेच फडकं पिळून दिलं. ती लाजली. "पोरगी हाय समोर," म्हणाली.

दहावीपर्यंत गाठी थांबल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, हे जाणार नाही, पण आता ते तुझ्या ताब्यात आहे.

कारेगावचं स्थळ

डोळ्यांचं खरं भय मला पुढं एकदा वाटलं, आणि ते दवाखान्यात नव्हतं. मला स्थळं बघायला लागले तेव्हा.

आत्यानं आण्णांना बाजूला घेऊन सांगितलं, "डोळ्याचं काढू नको कुठं. फूल दिसत बी न्हाई एवढं. चष्मा काय, सगळ्याच पोरींना असतो." पहिल्या स्थळाला आण्णांनी तरीही सांगितलं. ते लोक "कळवतो" म्हणून गेले आणि त्यांनी कळवलं नाही. आत्या चार दिवस बोलत होती. मला आण्णांचा राग आला, खरं सांगते. वाटलं, गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?

दुसरं स्थळ कारेगावचं. मुलगा, संतोष, रांजणगावच्या एका कंपनीत कामाला. मुलगा, त्याची आई आणि काका आले. पोहे झाले, चहा झाला. आत्या आण्णांकडं बघून डोळे वटारत होती. आण्णांनी कप खाली ठेवला.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "पोरीच्या पापणीत तेलाच्या ग्रंथी हायेत, त्या नीट चालत न्हाईत. ल्हानपणी उजवा डोळा जाता जाता वाचला. त्यात थोडं फूल हाय. आता बरी हाय, पण रोज शेक लागतो. आयुष्यभर लागंल."

मुलाच्या आईनं विचारलं, "पुढं मागं आंधळी तर न्हाई ना व्हायची?"

आण्णांचा चेहरा मला बघवला नाही. मुलीनं अशा वेळी बोलायचं नसतं, पण मी बोलले. "न्हाई मावशी. मी शिवण शिकले, सुईत दोरा माझा मी ओवते. उन्हात डोळे दुखतात, शेक चुकला तर लाल होतात. शेक मी दिला की बरे असतात. एवढंच हाय. आण्णांनी सांगितलं त्यापेक्षा जास्त काही न्हाई आन् कमी बी न्हाई."

मग तोवर एक शब्द न बोललेला संतोष म्हणाला, "अजून दुखतो का?"

त्या सगळ्या वर्षांत हजार जणांनी मला विचारलं होतं, काय झालं, कशानं झालं, दिसतं का. हे असं कमी जणांनी विचारलं होतं.

"न्हाई," मी म्हटलं. "आता न्हाई."

त्यांनी महिनाभरानं होकार कळवला. मधल्या काळात त्याच्या आईनं दौंडला जाऊन डॉक्टरबाईंना गाठलं होतं, हे मला लग्नानंतर कळलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. विचारलं, समजून घेतलं, मग हो म्हणाल्या.

आता

आता मी कारेगावात असते. शेक माझा मी देते. उन्हाच्या दिवसांत डोळे कुरकुरतात, घराचं रंगकाम निघालं की मी शेजारी जाऊन बसते, काजळ कधी लावत नाही. वर्षातून एकदा तपासून घेते. मूल सारखे डोळे चोळत असेल, सकाळी पापण्या चिकटत असतील, गाठी पुन्हा पुन्हा येत असतील, तर दुकानातून थेंब आणू नका, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा आणि पापणी बघायला सांगा. कुणामुळं झालं ते शोधत बसू नका. आमच्या घरात त्या शोधापायी एक बाप आपल्या पोरीपासून कितीतरी दिवस लांब उभा राहिला.

संतोषनं गेल्या वर्षी मोबाइल घेतला, आणि आण्णांनीही एक जुना घेतला. संध्याकाळी आमचा वाजतो. आण्णांना फोनवर बोलायला येत नाही, खुशाली विचारायचं ते काम आईचं. ते शेकाचं एवढंच विचारतात.

"झाला का?"

"झाला."

"दोन्ही वेळचा?"

"दोन्ही, आण्णा."

"बरं," म्हणतात. आणि ठेवायचं बटण त्यांना लवकर सापडत नाही, म्हणून पुढचा थोडा वेळ मला त्यांच्या घरातले आवाज ऐकू येत राहतात. आईचं बोलणं, भांडी, आणि आण्णांचा तिला सांगणारा आवाज, "झालाय म्हणती. दोन्ही वेळचा."